चौथा चौकोन

उन्हाळा सुरू झाला तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, एक कागद चिकटवला. बारा आठवडे, बारा पुस्तकं, बारा चौकोन. पुस्तक संपलं की चौकोन निळा करायचा. लग्नाआधी ती पुस्तकांचा फडशा पाडायची; गेल्या सात वर्षांत एकही धड वाचून झालं नव्हतं, आणि ते तिच्या मनाला लागलं होतं.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायची. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं, भिंगं बदलायची आणि विचारायचं, हे स्पष्ट दिसतंय की ते? पहिली दोन पुस्तकं झपाट्याने झाली. मग बरोबरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दोघींचं काम एकटीच्या गळ्यात पडलं. घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नसे. तिसरं कसंबसं रेटलं. चौथं, तुरुंगातून सुटून आलेल्या एका घड्याळजीची कादंबरी, चाळिसाव्या पानावर अडकलं. उघडायचं, तेच वाक्य तीनदा वाचायचं आणि पुस्तक छातीवर ठेवून झोपी जायचं. तू पुस्तक वाचतेस की पांघरतेस, असं नवरा विचारायचा.

सातव्या आठवड्यात तिने शेवटची दहा पानं चाळली आणि चौथा चौकोन निळा करून टाकला. कोण बघतंय, अशी स्वतःची समजूत घातली. तरी कपाट उघडताना ती त्या कागदाकडे बघायचं टाळू लागली.

बघणारं माणूस घरातच होतं. सासऱ्यांनी आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवला होता. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते विचारल्याशिवाय बोलत नसत. रविवारी सकाळी ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. घड्याळजीचं पुस्तक झालं ना, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

“मग मला सांग, भावाने त्याला माफ केलं ते खरं, की नुसतं तोंडदेखलं? मला काही ठरवता येईना.”

ओला टॉवेल तिच्या हातात तसाच राहिला. त्या पुस्तकात भाऊ आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं; पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी उत्सुकता होती की तिच्याने खोटं बोलवेना.

“बाबा, मी वाचलंच नाही ते. चौकोन नुसता रंगवला.”

ते रागावले नाहीत, जरासे हिरमुसले. ती कामावर गेली की ते तिची पुस्तकं वाचत होते. चारही वाचून झाली होती. आधी बोललो तर गोष्ट फुटेल, म्हणून ते तिचा चौकोन भरायची वाट बघत होते.

त्यांना तर चष्मा नव्हता. कशाने वाचता, तिने विचारलं. त्यांनी खिशातून सासूबाईंचा चष्मा काढला. एक काडी दोऱ्याने बांधलेली. डोकं दुखतं, पण चालतं, म्हणाले.

ती पायरीवर बसली. दिवसाला पन्नास जणांचे डोळे तपासणारी ती, आणि घरातला माणूस दुसऱ्याच्या चष्म्यातून डोळे ताणतोय हे तिच्या गावीही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रडावंसं वाटलं, पण रडायलाही ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर तिने त्यांना खुर्चीत बसवलं. चुकलं तर नापास होऊ अशा धास्तीने ते प्रत्येक उत्तराआधी थांबत होते. योग्य भिंग लागलं तशी त्यांनी सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली आणि हसले.

तिने चौथ्या चौकोनावर काट मारली आणि चाळिसाव्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. रोज दोन-तीन पानं. त्याहून जास्त झेपत नव्हतं. विनवूनही सासरे पुढचं काही सांगेनात. उन्हाळा सरला तेव्हा बारापैकी चारच पुस्तकं वाचून झाली होती. सासऱ्यांची नऊ झाली होती, तीही कागद न लावता.

घड्याळजीचं पुस्तक संपलं त्या दुपारी ती त्यांच्या शेजारी बसली. माफी तोंडदेखलीच होती, असं तिचं मत. सासऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. भावाचं एकेक वागणं काढून ते बोलत सुटले, हातवारे करत, चहा निवला तरी. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटू लागले. ते थांबले.

“पड जरा. आपलं भांडण संध्याकाळी पुरं करू.”

ती तिथेच आडवी झाली.