भाळणे, मुक्काम येलदरी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. भाळणे. व्याकरणात मला क्रियापद म्हणतात, म्हणजे शब्दांतला कामकरी. मला कुणी घडवलं ते आठवत नाही. तोंडातोंडी फिरून गुळगुळीत मात्र झालो, नदीतल्या गोट्यासारखा.

कोशात माझी ओळख एवढीच:

भाळणे. मोहित होणे, भुलणे.

बस्स.

पोथ्यांमध्ये माझे दिवस थाटात गेले. राजकन्या शौर्यावर भाळायच्या. देव भक्ताच्या भोळेपणावर भाळायचा. फार कौतुक झालं. मग मागे पडलो, आणि परीक्षेपुरता उरलो.

वाक्यात उपयोग करा.

शीलाने केला. जिंतूरच्या कॉलेजात असताना तिने लिहिलं, 'भुंगा कमळाच्या सौंदर्यावर भाळला.' पूर्ण गुण. यंदा लग्न होऊन ती येलदरीजवळ एका मेंढपाळाच्या घरी आली. तिच्यासोबत मीही आलो.

एका सकाळी कळपातल्या एका मेंढीचं पिलू मेलेलंच जन्मलं. दुसरीचं पिलू जगलं, पण ती मेंढी गेली.

"हिला ते पिलू लावू," सासू भिवराबाई म्हणाली. "दुपारपतुर दूध न्हाई भेटलं तर जातंय ते." मेलेलं पिलू पोत्यात गुंडाळून ठेवून ती पाला आणायला गेली.

शीलाने पोरकं पिलू कोमट पाण्याने, साबण लावून धुतलं. पुसून कापसासारखं केलं आणि मेंढीपुढे ठेवलं. मेंढीने हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा ढकललं.

भिवराबाई परतली. "काय केलंस त्याला?"

"धुतलं, मामी. चांगलं दिसलं म्हंजे ती भाळंल वाटलं."

"ती काय नवरी बघायला आलीय का? मेंढी नाकानं लेकरू वळखती, बाई. तू त्याला दुकानातला वास लावलास."

मित्रांनो, मी ओशाळलो. चूक शीलाची थोडी, माझी जास्त. इतकी वर्षं मी तिच्यासारख्यांना डोळ्यांचीच वाट दाखवली होती.

भिवराबाईने पोतं उघडलं. मेलेल्या पिलाच्या अंगावरचा ओला चिकटा फडक्याने टिपला आणि जगत्या पिलाच्या डोक्याला, पाठीला, शेपटीखाली चोळला. हळूहळू, दोघांची ओळख करून द्यावी तसा.

"धर आता तिला. आवळू नको, नुसती धर."

मेंढीने हुंगलं. मान फिरवली.

"न्हाई भाळायली, मामी."

"गप. तिचं लेकरू मेलंय. तिला येळ दे."

ऊन चढलं. पिलाची मान लोंबू लागली.

मग मेंढी वळली. शेपटीखाली हुंगलं. थांबली. घशातल्या घशात घुरघुरली.

चाटू लागली.

पिलू धडपडत सडाला लागलं. त्याची शेपूट थरथरली. शीलाने तोंड उघडलं, पण भिवराबाईने हात वर करून तिला थांबवलं. स्वतः खाली वाकली, पिलाच्या गळ्याशी कान नेला. एक घोट. दुसरा.

मगच म्हणाली, "भाळली."

मित्रांनो, कुठल्याच पोथीत माझा असा मान झाला नव्हता. मला निबंधात वापरा, गाण्यात वापरा, जुना म्हणून टाकू नका. फक्त घाई करू नका. घोट ऐकू येईपर्यंत त्या बाईने मला तोंडात धरून ठेवलं होतं. तेवढं धरा.