उपासाची गोळी

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. रायपूर छत्तीसगडची नवी राजधानी झाले तेव्हा पुरानी बस्तीतल्या कासाराने मला सुपारीसाठी घडवले. त्याच सुमारास रेल्वेतले नीलकंठराव नागपूरहून बदलून चौबे कॉलोनीत आले. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी मला विकत घेतले.

पुढे बाईंचे डोके सतत दुखू लागले, नजर अंधुक झाली. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते, तिथे गाठ निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली. आठवड्यातून दोनदाच, सोमवारी आणि गुरुवारी.

"हे तं माझे उपासाचेच दिवस!" बाई हसल्या. सुपारी सुटली आणि गोळ्या माझ्या पोटात आल्या.

गाठ आकसली. बाई पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या. मला चिंचेने घासून त्या देवाजवळ ठेवत. मी केवढा फुगलो होतो!

मग चतुर्थी आली. साबुदाण्याची उसळ खाऊन झाली आणि उपास म्हणजे गोळी, या सवयीने बाईंचा हात माझ्याकडे वळला. पुढे एकादशीलाही वळला. नवरात्रात तर रोजच.

"आई, आज तो एकादशी है। गोली खाई?" मुलगी राधा आठवण करी.

"हव, आताच घेतली."

"देवी पावो न पावो, गोळी पावतेच!" नीलकंठराव थट्टा करत.

मी झाकण आवळून धरायचो. पण डब्याचा जोर तो किती?

दरवर्षी हृदय तपासून घ्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. "डोक्याच्या गाठीले छातीची तपासणी काहून?" बाई म्हणत. नीलकंठरावही मान डोलावत.

काही वर्षांनी बाईंना जिना चढवेना. पाय सुजले. जास्तीच्या गोळ्यांनी हृदयाची झडप जाड झाली होती.

"हफ्ते में कितनी गोली लेती थीं?" डॉक्टरांनी विचारले.

"जितने उपवास..." राधा बोटांवर मोजू लागली.

डॉक्टरांनी ती गोळीच बंद केली, पण झडप पूर्ववत झाली नाही. शस्त्रक्रिया आता त्या हृदयाला सोसणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. आडवे झाले की दम लागतो, म्हणून बाई उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपतात. आता हृदयाची गोळी राधा मोजून स्वतः हातावर देते. मी रिकामा आहे. तरी एकादशीला बाई मला उघडतात, आत पाहतात आणि हळूच झाकण लावतात.

मित्रांनो, औषध शत्रू नव्हते. त्यानेच बाईंची नजर वाचवली. पण ते डॉक्टरांनी सांगितले तेवढेच घ्यायचे असते, आणि सांगितलेली तपासणी टाळायची नसते. तुमच्या घरी कुणी गोळी घेत असेल, तर जवळ बसून विचारा. मी सारे पाहत होतो, पण मला बोलता आले नाही. तुम्हाला येते.