खिडकीवर वाजलेली नाडी

राजवाड्याचा नियम सरळ होता. देवीच्या रोग्याला ज्याने हात लावला, त्याला चाळीस दिवस आत पाऊल टाकता येत नव्हतं. त्यात राणीचे दिवस भरत आलेले. आत्ता चाळीस दिवस बाहेर बसलं, की कॉनला ओ'शील नावाच्या राणीच्या डॉक्टरची खुर्ची दुसऱ्याने पटकावलीच म्हणायची. माद्रिदमध्ये असे सहा जण टपलेलेच होते.

म्हणून कॉनला भर दुपारी खानावळीखालच्या गल्लीत मान वर करून उभा होता, आणि वरच्या खोलीत त्याचा सख्खा थोरला भाऊ देवींनी फणफणला होता.

एकोणीस वर्षांनी आला होता ओरन. इंग्रजांनी जमीन खाल्ली, घर खाल्लं, तेव्हा कॉनला आयर्लंड सोडून पळाला. ओरन आईबापांसाठी मागे राहिला. ते दोघं गेल्यावर हा निघाला, आणि वाटेतच दुखणं घेऊन पोचला.

"दादा!" कॉनला त्यांच्या बोलीत ओरडला.

"आलास? मग वर ये की! का जिना चढायलाही राजाला विचारावं लागतं?"

"लागतं, दादा."

वरून हसू आलं, मग खोकला. "बापाने नाडी शिकवली ती गल्लीतून बघायला होय रे?"

खिडकीतून ब्रिखिदा डोकावली. खानावळ तिची. लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, तोंडावर वण, म्हणून तिला भीती नव्हती.

"डॉक्टरसाहेब, खांबासारखे उभे काय राहता? काय पाजू ते सांगा!"

"जवाचं पाणी पाज. आणि ऐक, त्याचं मनगट धर. अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेव. ठोका लागला की पळी खिडकीवर आपट. प्रत्येक ठोक्याला."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"आपट म्हणतो ना!"

तिने आपटली. टकटकटक... टक... टकटक. दावं तोडून पळणाऱ्या घोड्यासारखी. कॉनलाच्या मानेवरून घाम ओघळला. मग पळी थांबली.

"थांबलीस का?"

"हात सुटला हो!"

आत काहीतरी कुजबुज झाली. बराच वेळ. मग पुन्हा पळी वाजली. टक. टक. टक. एकसारखी, सावकाश.

"ऐकलंस?" ओरन ओरडला. आवाज चिरकत होता. "बैलासारखा आहे मी. जा तुझ्या राणीकडे!"

ओ'शीलांच्या घरात सात पिढ्या नाडी बघितली जात होती. इतक्या तापात असा ठोका पडत नाही, हे कॉनलाला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. तो उभाच राहिला. वर पळी वाजतच होती.

"छान चाललीय, दादा," तो म्हणाला. "उद्या येतो."

आणि गेला.

सकाळी आला तेव्हा ब्रिखिदा दारात गादीचा पेंढा जाळत होती. त्याला पाहून तिने कमरेच्या फडक्याने तोंड पुसलं.

"पहाटे गेला हो. शेवटी शेवटी आईला हाका मारत होता." तिने हातातल्या चिपाडाने पेंढा ढोसला. "मी पाप केलंय, साहेब. दुसऱ्यांदा पळी वाजली ना, ती त्याची नाडी नव्हती. त्यानेच माझा हात धरून शिकवलं, असं आपट म्हणून. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, तो वर आला तर त्याची जागा जाईल."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"कालच कळलं होतं. खाली उभा होतो तेव्हाच."

ब्रिखिदा त्याच्याकडे बघतच राहिली. हातातलं चिपाड अर्धं जळून बोटाला चटका बसला, तेव्हा तिने ते टाकलं.

"मग वर का नाही आलात?"

तो जिन्याकडे गेला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून दोन माणसं चादरीत गुंडाळलेलं ओझं धरून उतरत होती. पुढचा धापा टाकत म्हणाला, "बाजूला व्हा साहेब, अंगाला लागेल."

कॉनला बाजूला झाला.