पहिल्या नावाच्या मागे

त्या इमारतीत सगळे कुजबुजत बोलायचे. दिवसाच्या कुठल्याही वेळी तिथे कुणी ना कुणी झोपलेलं असायचं, म्हणून. ते झोपेचं संशोधन केंद्र होतं. वरच्या मजल्यावर खोल्या, खोल्यांत पांढऱ्या चादरींचे पलंग आणि पलंगांवर कपाळाला, छातीला तारा चिकटवून झोपलेली माणसं. कर्मचारी कापडी तळव्याच्या चपला घालून फिरायचे. दारं कापूस दाबल्यासारखी मिटायची. कुणाला शिंक आलीच, तर तो नाक धरून जिन्याकडे पळायचा.

या झोपांचं गणित मांडायला ठेवलेली बाई, ती आकडेबाई. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. इमारतीची गुंगी तिलाही चढायची. जेवण झालं, की पडद्यावरचे आकडे पाण्याखालच्या खड्यांसारखे हलायला लागत आणि किती तरी वेळा हनुवटी छातीला टेकल्यावरच ती भानावर येई. झोपेच्या केंद्रात डुलकीला कोण काय बोलणार!

तळघरात जुना मेनफ्रेम होता. एका अख्ख्या खोलीत मावेल एवढा संगणक, राखाडी कपाटांसारखा ओळीनं उभा. केंद्र उघडल्यापासूनच्या सगळ्या झोपा त्याच्या पोटात. आता त्याला निवृत्त करायचं ठरलं होतं. महिना संपायच्या आत नोंदी नव्या संगणकावर न्यायच्या आणि मग याचा खटका खाली ओढायचा. त्याची देखभाल करणारे यंत्रमामा गेले काही दिवस घरातलं माणूस गावाला निघाल्यासारखे गप्प गप्प होते.

"नाव सांगा, फाईल देतो," ते आकडेबाईला म्हणाले. "नाव नाही, तर फाईल नाही. इथे हजारो फाईली पडल्यात. त्यातली तुमची कुठली, हे मला काय स्वप्नात दिसणार?"

घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. झोपेचं गणित करणारा जुना प्रोग्रॅम संख्याशास्त्राच्या एका सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला होता आणि तो आपल्या फाईलीला नुसतं 'झोप' म्हणायचा. हे झालं लाडाचं नाव. घरात सगळे बाळ्या म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर भलतंच असतं, तसं. 'झोप' म्हणजे यंत्रातली खरी कुठली फाईल, ही जोडणी ज्यानं करून ठेवली होती तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. जोडणीवर त्यानं घातलेलं कुलूप कुणाला उघडता येत नव्हतं. प्रोग्रॅम चालवा, तो निमूट चालतो. पण काय वाचतोस, विचारलं तर हाताची घडी, तोंडावर बोट.

आकडेबाईनं मग सॉफ्टवेअरलाच विचारायचं ठरवलं. त्याच्या जाडजूड मदतपुस्तिकेत ती दोन दिवस बुडून गेली. तिथे तिला एक सोय सापडली. लाडाचं नाव दिलं, की त्यामागचं यंत्रातलं पूर्ण नाव सॉफ्टवेअर सांगतं. तिनं एक ओळ लिहिली, यंत्राकडे पाठवली, आणि उत्तर आलं तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला. टिंबांनी जोडलेलं लांबलचक नाव होतं ते: निद्रा, टिंब, एकेकटे, टिंब, मूळ.

"हे घ्या मामा तुमचं नाव!"

मामांनी फाईल नव्या संगणकावर चढवली. झालं, गंगेत घोडं न्हालं, असं म्हणत आकडेबाई घरी गेली.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा दूर कुठल्याशा पुलाच्या कामावर, सुट्टी मिळेल तेव्हा यायचा. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. सासूबाई खिडकीत बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. सूनबाईनं हौसेनं सगळी हकीकत सांगितली. सासूबाईंनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्हीही असू त्यात."

"तुम्ही?"

"आम्ही दोघं गेलो होतो ना तिथे झोपायला. हे आणि मी. तेव्हा जोडप्यांना बोलवायचे. एका खोलीत दोन पलंग, आणि डोक्याला ह्या एवढ्या तारा."

"आई! मी इतके दिवस तिथे नोकरी करतेय आणि तुम्ही आज सांगताय?"

"त्यात काय सांगायचं? झोपायलाच गेलो होतो, लढाईला नव्हे."

एवढं बोलून त्यांनी सुईत पुन्हा दोरा ओवला. आणखी काही विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता.

सकाळी आकडेबाईनं नव्या संगणकावरची फाईल उघडून शोधलं. एकेकटी माणसं ढिगानं होती. जोडपं एकही नव्हतं. आणि जुना प्रोग्रॅम चालवला, तर तो जोडप्यांचा तक्ता बिनबोभाट काढून देत होता! ती तशीच तळघरात उतरली.

"मामा, हा कुठून तरी आणखी वाचतोय."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मागे फाईली जोडलेल्या असतील. एकीच्या शेपटीला दुसरी. वाचणाऱ्याला वाटतं, एकच आहे. तुम्ही नाव विचारलंत, त्यानं पहिलीचं सांगितलं."

"मग बाकीच्यांची नावं?"

"ते तुमच्या सॉफ्टवेअरला विचारा. मी फक्त दार उघडणारा."

दुपारभर ती त्याच्याशी झगडली. शेवटी तिच्या लक्षात आलं, की आधीच विचारलं तर पहिलंच नाव मिळणार. बाकीची नावं हवी असतील, तर वाचत वाचत जायला हवं. प्रत्येक नोंदीपाशी, या घडीला कुठली फाईल उघडी आहे ते विचारायचं आणि नाव बदललं, की लिहून ठेवायचं. तिनं तसं लिहिलं, काम यंत्राकडे सोडलं आणि मामांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

यंत्र वाचायला लागलं. तळघराच्या उंच झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. पडद्यावर तेच नाव. एकेकटे. एकेकटे. आकडेबाईच्या पापण्या जड झाल्या. तिला वाटलं, आपण एका लांब ओसरीवरून चाललोय आणि दोन्ही बाजूंना माणसं झोपली आहेत. कुणी कुशीवर, कुणी उताणं, कुणाचा हात पलंगाबाहेर लोंबतोय. प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येतोय. आपण चाललोय आणि कुणीच जागं होत नाही. मग ओसरी वळली, उजेड बदलला, आणि इथे सगळे दिवसा झोपणारे होते, डोळ्यांवर रुमाल बांधलेले.

"बाई," मामा हलकेच म्हणाले, "बदललं."

तिनं डोळे उघडले. पडद्यावर नवं नाव उभं होतं: निद्रा, टिंब, रातपाळी, टिंब, मूळ. आणि त्याच्या पाठोपाठ यंत्र थबकलं. सकाळच्या पाळीवाल्यानं काढून ठेवलेली टेप ते मागत होतं. मामा उठले, मागच्या फडताळातून एक चक्री शोधून आणली, फुंकर मारली, बाहीनं पुसली आणि बसवली. चक्री फिरायला लागली. थोड्याच वेळात तिसरं नाव आलं. निद्रा, टिंब, जोडपी, टिंब, मूळ.

"सापडली!" आकडेबाई ओरडली. अख्ख्या केंद्रात इतक्या मोठ्यानं कुणी बोललं नसेल. वरच्या जिन्यावरून कुणीतरी "श्श्श" केलं.

सगळ्या फाईली नव्या संगणकावर गेल्या आणि ठरल्या दिवशी मामांनी खटका ओढला. घरघर थांबली. तेव्हा एक गंमत झाली. वरच्या खोल्यांत झोपलेली सगळी माणसं एकदम जागी झाली. इतकी वर्षं भिंतींतून येणाऱ्या त्या आवाजावर सगळे झोपत होते, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. डोक्याच्या तारा सांभाळत माणसं दारात उभी राहिली आणि "काय झालं, काय झालं?" विचारू लागली. केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मामा जिन्यात पाठ करून बराच वेळ उभे होते.

आकडेबाईनं डॉक्टरबाईंना सासूबाईंबद्दल सांगितलं. "त्यांना स्वतःची आणि यजमानांची नोंद बघायची असेल, तर जरूर आणा," त्या म्हणाल्या.

सासूबाई आधी नको नको म्हणाल्या. मग एका दुपारी आपणहून ठेवणीतली साडी नेसून तयार झाल्या.

डॉक्टरबाईंनी पडदे ओढले आणि दोन रेघा समोर आणल्या. एक वरची, एक खालची. मेंदूच्या लहरी, एका रात्रीच्या.

"वरची तुमची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला त्या रात्री झोप लागलेली दिसत नाही."

"नव्हतीच लागली." सासूबाईंचा आवाज कोरडा होता. त्या सुनेकडे वळल्या. "तुला सांगते आता. आमचं पहिलं मूल गेलं होतं. आठ दिवसांचं होऊन गेलं. इथे यायचं आधीच कबूल केलेलं. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, चल, घरात बसवत नाही. आलो. मी रात्रभर छताकडे बघत पडले, आणि हे भिंतीकडे तोंड करून ढाराढूर झोपले. हलले नाहीत, की कूस बदलली नाही. त्या रात्रीनंतर माझ्या मनात जी गाठ बसली, ती बसली. तसे चांगले होते. संसार केला, मुलगा झाला, सगळं झालं. पण ती गाठ काही सुटली नाही."

डॉक्टरबाई खालच्या रेघेवर वाकल्या. रात्र पुढे सरकवली, आणखी पुढे, पार पहाटेपर्यंत. मग मागे आणली आणि पुन्हा पाहिली.

"आजी," त्या म्हणाल्या, "हेही जागे आहेत."

"कोण?"

"तुमचे यजमान. झोपलेल्या माणसाची रेघ अशी दाट, बारीक नसते. ती सैल होते, मोठ्या लाटा येतात. इथे तशी एकही लाट नाही. ते रात्रभर जागे होते. फक्त हलले नाहीत."

खोलीत अंधूक हिरवा उजेड होता. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी बोटानं खालची रेघ पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश चाचपली, कापडाचा पोत बघावा तशी. आकडेबाईला वाटलं, आता या रडणार.

"मग बोलला का नाही मेला?" सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा सुनेनं त्यांच्या तोंडून सासऱ्यांचा एकेरी उल्लेख ऐकला. "दोन हातांवर पलंग होता माझा! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

मग रेघेवरचं बोट काढून घेत त्याच म्हणाल्या, "मी तरी कुठे बोलले म्हणा."

त्यांना उठवेना. डॉक्टरबाईंनी बाजूची खोली उघडून दिली. सासूबाई पलंगावर पडल्या, सुनेनं पायांवर चादर घातली, आणि बघता बघता त्यांचा श्वास लांब झाला. तारा नव्हत्या, कुणी मोजत नव्हतं. आकडेबाई उशाशी बसून राहिली. पडद्याच्या फटीतून ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं, मग विझलं.

संध्याकाळी दोघी चालत घरी निघाल्या. दिवे लागत होते. सासूबाई वाटेत एका बाकापाशी थांबल्या आणि पदरानं चष्म्याची काच पुसली.

"तुझ्या नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघांनी कधी विषयच काढला नाही. फोन लाव त्याला."

"आत्ता? आई, घरी जाऊन निवांत बोलू या."

"आत्ताच लाव. घरी गेले, की माझा धीर सुटेल." त्या बाकावर टेकल्या आणि सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं. "तू उठू नकोस हं मधेच."

पलीकडे घंटा वाजत राहिली. मग मुलाचा आवाज आला, मागे कामाचा गलका.

"अरे, मी बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "सगळं ठीक आहे, घाबरू नकोस. जरा बाजूला जा, शांत जागी. तुला एक मोठी बहीण होती, तिचं सांगायचंय."