कांद्याचे डोंगर

भिंगरीचा वाढदिवस होता आणि स्वयंपाकघरात कांदा चिरणं चाललं होतं, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांत कशाचं पाणी आहे हे विचारायची सोय नव्हती.

भिंगरी हे तिचं लाडाचं नाव, वडिलांनी ठेवलेलं. पोर एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. पुढे वडील आजारपणात गेले आणि ती बसेल तिथे बसून राहायला लागली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. तिच्या आईने गेल्या वर्षी बाइंडरशी लग्न केलं. बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा माणूस. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. लोक पानं सुटलेली पुस्तकं आणून देत आणि तो ती शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून, वजनाखाली दाबून परत करी. बोलायला हळू, चालायला हळू, आणि रागवायला तर त्याहून हळू. भिंगरी त्याला 'काका' म्हणे, तेही नड पडली तरच.

आज वर्गातली पोरं यायची होती, आणि आत्याही येणार होती. आत्या म्हणजे भिंगरीच्या वडिलांची धाकटी बहीण. तिने मागेच विषय काढला होता. "माझ्या दादाची एवढीच खूण उरलीय. ती परक्याच्या घरात का वाढावी? माझ्याकडे येऊ दे, मी सांभाळते." हे ऐकून भिंगरीच्या आईच्या काळजाला घरं पडली, पण तिने एवढंच म्हटलं, "लेकीला विचारू. राहायचीही बळजबरी नको आणि जायचीही." भिंगरीला विचारलं तर ती म्हणाली, "वाढदिवसाला सांगते."

तिने राहावं असं बाइंडरला मनापासून वाटत होतं. पण तसं बोलून दाखवणं म्हणजे एवढ्याशा जिवाच्या पाठीवर ओझं ठेवणं. म्हणून त्याने ते मनातच ठेवलं.

त्यात आईला दवाखान्यातली दुपारची पाळी काही बदलून मिळाली नाही. नर्सची नोकरी, करते काय? जाताना ती म्हणाली, "दोघं मिळून करा खायला काहीतरी." आणि दार ओढून गेली.

"काय करू या?" बाइंडरने विचारलं.

"डोंगर," भिंगरी म्हणाली.

"डोंगर म्हणजे?"

"बाबा करायचे ते. तुम्हाला नाही माहीत."

"नाही माहीत. तू शिकव."

भिंगरीने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. मोठी माणसं असं सहसा म्हणत नाहीत. मग तिने शिकवायला घेतलं. कांदा उभा आणि अगदी पातळ चिरायचा. थोड्याशा लोण्यावर टाकायचा आणि आच मंद ठेवायची.

"मोठी केली तर लवकर होईल ना?"

"करपेल. मंदच ठेवायची. आणि सोडून जायचं नाही."

दोघंही सोडून गेली नाहीत. कांदा आधी मऊ झाला, मग पिवळा, मग हळूहळू तांबूस. मग भिंगरीने मीठ टाकलं, साखर टाकली, शेवटी चमचाभर व्हिनेगर. कढईतून असा वास सुटला की बाइंडरच्या तोंडाला पाणी सुटलं. कांद्यासारख्या साध्या वस्तूत एवढी गोडी दडलेली असते हे त्याला या वयात कळत होतं.

"आता शिळा पाव," भिंगरी म्हणाली. "ताजा नको, तो ओला होतो. चौकोनी तुकडे करायचे, लोणी लावायचं, वर कांद्याचा ढीग आणि ढिगावर किसलेलं चीज. चीज थोडंच. बाबा म्हणायचे, बर्फ नुसता शेंड्यावर असतो."

"आणि मग?"

"मग तव्यावर झाकण ठेवून भाजायचे. पण ते पाहुणे आल्यावर, गरम गरम. तुम्ही रचून ठेवा. मी आवरून येते."

ती न्हाणीघरात गेली. बाइंडरने जीव ओतून तुकडे केले. पट्टी लावून कापल्यासारखे एकसारखे! लोणी लावलं, कांदा रचला, चीज भुरभुरलं. पण एक तुकडा उचलून पाहिला तर निम्मा ढीग घरंगळून खाली. दुसरा उचलला, तेच. वरचा थर काही पावाला धरेना. पोरांच्या हातात हे कसं टिकायचं? आता, धरत नाही त्याला काय करायचं हे बाइंडरला उभ्या जन्मात कोणाला विचारावं लागलं नव्हतं. मनाने विचार करायच्या आत हात कामाला लागले. तुकड्यांवर बटर पेपर, त्या कागदावर फळी आणि फळीवर पुढच्या खोलीतलं लोखंडी वजन.

भिंगरी केस पुसत आली आणि फळीकडे पाहून जागीच थांबली.

"हे काय?"

"धरत नव्हते गं. म्हणून जरा..."

तिने वजन ढकललं, फळी उचलली. डोंगर भुईसपाट झाले होते. कांदा पावात रुतला होता, पाव पुठ्ठ्याएवढा पातळ झाला होता आणि चीज कागदाला चिकटलं होतं.

"बाबांनी असं कधीच केलं नसतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

"नसतं केलं," बाइंडर म्हणाला. "माझं चुकलं. विचारायला हवं होतं तुला."

पाव संपला होता. पोरं येण्याची वेळ झाली होती. भिंगरी खूप वेळ त्या चपट्या तुकड्यांकडे बघत राहिली. बाइंडरला वाटलं, संपलं. आता ही आत्याबरोबर जाणार, आणि जाईल तर तिचं काय चुकलं?

शेवटी तिने कागदावरचं चीज चमच्याने खरवडलं आणि एकेका तुकड्यावर लावलं. "तवा तापवा," ती म्हणाली. "फेकून थोडंच देता येतंय."

भाजल्यावर ते तुकडे बिस्किटासारखे कुरकुरीत झाले. गोड कांदा कडेकडेने खरपूस झाला, वर खारट चीज. भिंगरीने एक चावून पाहिला. मग दुसराही उचलला.

वर्गातली पोरं आली आणि टोळधाड पडावी तशी ताटावर पडली. "ए, याला काय म्हणतात?" एका गोबऱ्या गालांच्या मैत्रिणीने भरल्या तोंडाने विचारलं.

"पठार," भिंगरी म्हणाली. "आधी डोंगर होते. काकांनी दाबले."

सगळी खिदळली. बाइंडरही कसनुसा हसला.

आत्या आली तोवर पोरं अंगणात पांगली होती. तिने भिंगरीला पोटाशी धरलं, बाइंडरला मान हलवून नमस्कार केला आणि ताटातला तुकडा तोंडात टाकला. चावता चावता थांबली. "हे दादाचे डोंगर?"

"बिघडले," भिंगरी म्हणाली.

"तरीच. माझ्या दादाच्या हातचं कधी काही बिघडलं नाही."

मग भिंगरी म्हणाली, "बिघडलं होतं. एकदा."

"नाही गं राणी. तुझ्या लक्षात नसेल नीट."

"आहे लक्षात. बाबा फोनवर बोलत बसले आणि सगळं करपलं. मग ते..." ती अडखळली.

"पुरे," आत्या म्हणाली. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, बाळा."

भिंगरीने ओठ मिटून घेतले. ते मिटणं बाइंडरने पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की ही या पोरीची आजची सवय नाही. एरवी तो या नात्याच्या मध्ये पडला नसता. त्याचा हक्कच काय? पण तो म्हणाला, "सांगू द्या तिला, ताई. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला ऐकायचंय. मग काय केलं गं त्यांनी?"

"ओरडले," भिंगरी म्हणाली. "माझ्यावर. मी मध्ये मध्ये बडबडते म्हणून जळलं म्हणाले. पण मी गप्प होते, काका. मी तर चित्र काढत होते." तिचे डोळे भरून आले. "चूक त्यांची होती. मी खोलीत जाऊन कडी लावली. मग बऱ्याच वेळाने दाराबाहेर मांजर ओरडलं."

"मांजर?" आत्याचा हात ताटावरच राहिला.

"तेच ओरडत होते, खोटं खोटं. मी दार उघडलं तर ताट घेऊन उभे. म्हणाले, हे डोंगर नाहीत, ज्वालामुखी आहेत. निवलेत आता, खाऊन घ्या. आम्ही काळं काळं खाल्लं. पण चुकलो असं नाही म्हणाले." तिने मनगटाने नाक पुसलं. "ते आजारी पडले त्याच्या आधीचं आहे हे."

आत्या खुर्चीवर बसली. मग रुमाल शोधू लागली. तो काही सापडेना.

"माझ्या वेळीही मांजरच," ती म्हणाली. "मी तुझ्याएवढी असताना. आधी डाफरायचा, मग दारामागे म्याव म्याव. चुकलो म्हणायला याची जीभ कधी वळली नाही मेल्याची." आणि बोलता बोलता ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. भिंगरीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाइंडर तवा घासायला उठला. त्या दोघींत आता तिसऱ्याचं काम नव्हतं.

थोड्या वेळाने आत्याने डोळे पुसून विचारलं, "मग? काय ठरवलंस?"

"आत्या, तुझ्याकडे हे असं बोलता येईल? बाबा ओरडायचे ते?"

आत्या खोटं बोलली नाही. "मला जड जाईल गं."

"मग मी इथेच राहते," भिंगरी हळूच म्हणाली. "सुट्टीत येते तुझ्याकडे. तेव्हा थोडं थोडं बोलू."

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा आग्रह काही केला नाही.

दिवेलागणीला बाइंडर आत्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. बस दिसली तेव्हा आत्या म्हणाली, "तुम्ही तरी तिच्यावर ओरडू नका कधी."

"माणूस आहे, ताई. एखाद्या दिवशी ओरडेनही," बाइंडर म्हणाला. "मग ती तुम्हाला सांगेल. तेव्हा मात्र तिला पुरे म्हणू नका."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. बसची पायरी चढता चढता ती म्हणाली, "ऐकेन."