मागं आवाज येतोय का?

त्या रविवारी पलूसजवळच्या एका गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान होतं. माझे वडील, अण्णा, निवेदनाला होते आणि मी साताऱ्याहून सुट्टी काढून आले होते. दिवस अगदी नेहमीचा होता. अण्णांनी फेटा बांधला, घशासाठी खडीसाखर खिशात टाकली आणि मला म्हणाले, "आबू, तू मागं ऱ्हा."

मागं राहणं हे माझं लहानपणापासूनचं काम. शाळेतल्या मास्तरकीपेक्षा अण्णांना मैदानाच्या माइकनं जास्त ओळख दिली. कर्णे नीट लागलेत का, हे ते कुणावर सोपवत नसत. मला गर्दीच्या शेवटच्या टोकाला उभं करत आणि विचारत, "मागं आवाज येतोय का?" मी हात वर करायची. एवढ्या लांबून ओरडून काय ऐकू जाणार? हात दिसला की ते "बरं" म्हणत आणि हलगी सुरू होई. पुढे मी वर्तमानपत्रात लागले, जिल्ह्याचं पान लावू लागले, तरी मैदानाला गेले की माझी जागा तीच.

शेवटच्या कुस्तीआधी वीज गेली. जनरेटर लावला, अण्णांनी पुन्हा विचारलं, मी हात वर केला. पैलवानांची सलामी झडली आणि तेवढ्यात मंत्री आले. दुपारी येणार होते, दिवस कलला तेव्हा आले. यात्रा कमिटीनं अण्णांच्या हातात चिठ्ठी दिली. कुस्ती थांबवा, साहेबांचा सत्कार करायचा आहे. लोकांना ते न वाचताच कळलं. आमच्याकडे सलामी झडली की निकाल लागेपर्यंत कुस्ती कुणासाठी थांबत नाही. शिट्ट्या सुरू झाल्या, मग हुर्यो. कुणीतरी ओरडलं, "सायेब, निवडणूक लांब हाय अजून!"

अण्णांनी चिठ्ठी खिशात घातली, खडीसाखरेशेजारी.

"सायेब आलेत. त्यास्नी मातीच्या कडंला जागा करा," ते माइकवर म्हणाले. "आन् सायेब, तुमीबी जरा दम धरा. पोरं भिडल्यात."

मंत्री हसले. चपला काढल्या, पांढऱ्या कपड्यांनिशी खाली बसले आणि कुस्ती निकाली होईपर्यंत उठले नाहीत. मग ज्यांनी हुर्यो केली होती त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

घरी जेवताना अण्णांनी विचारलं, "उद्या काय छापून येईल?"

"एकजण हुर्यो छापेल, एकजण जल्लोषात स्वागत."

"आन् त्यो माणूस खाली बसला, त्ये?"

"जागा उरली तर."

"काय गं तुमचे पेपर! मातीवर जागा झाली त्याला, पेपरात न्हाई?" ते ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी दिलं.

सकाळी ते उठलेच नाहीत. दारात पेपर पडला होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

बातम्या मी नंतर पाहिल्या. मी म्हटलं होतं तशाच होत्या. त्यांचं वाईट वाटण्याइतकं माझं मन तिथं नव्हतं. मी फक्त अण्णांचा आवाज शोधत होते. इतकी वर्षं ते बोलले, पण आम्ही कधी काही जपून ठेवलं नाही. घरातल्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतं? मंत्र्यांच्या माणसांनी फिरवलेल्या व्हिडिओवर गाणं चढवलं होतं. विरोधकांच्या व्हिडिओत शिट्ट्याच पुन्हा पुन्हा वाजत होत्या. वाहिनीवर निवेदिका बोलत होती आणि तिच्यामागे अण्णांचे ओठ हलत होते. तेवढा तुकडा मी किती वेळा पाहिला असेन.

तेराव्याला जालिंदरकाका आले. अण्णांच्या जोडीचे, जुने पैलवान. जेवण झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"आबूताई, माझ्या फोनात हाय बग शेवटची कुस्ती. तुझ्याच मागं हुतो मी. लय हाललंय, निम्म्यात नुसतं फेटंच दिसत्यात. कुणाला धाडलं न्हाई. धाडायचं कसं, त्येच ठावं न्हाई."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर आधी धूळ, माणसांच्या पाठी, जनरेटरची घरघर. मग कर्णा खरखरला.

"मागं आवाज येतोय का?"

चित्राच्या कडेला एक हात वर गेला. माझाच, हिरव्या बांगड्यांचा. लांबवर फेट्यातली ती लहानशी आकृती क्षणभर थांबली, इकडे पाहिलं. "बरं," अण्णा म्हणाले.

मी तिथंच थांबवलं आणि पुन्हा सुरुवातीला नेलं. धूळ, पाठी, घरघर. घर माणसांनी भरलेलं होतं, आई दाराशी उभी होती.

"मागं आवाज येतोय का?"

"येतोय, अण्णा," मी म्हणाले. "पार मागपर्यंत येतोय."