उतरा आतां, स्टाप आला

व्यंकोबारावांनी कुंभकोणम ते नाचियार्कोविल बसवर एकतीस वर्षं कंडक्टरी केली. दिवसभर तमिळ बोलून घसा बसायचा, पण घराचा उंबरठा ओलांडला की मराठी. तीही तंजावरची जुनी, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येईल अशी. "तमिळ पाशिंजरांस, मराठी आपल्या माणसांस," असा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

बायको कामाक्षी गेली आणि त्यांच्या मराठीला गिऱ्हाईकच उरलं नाही. मुलगा उमेश दारातूनच विचारायचा, "जेवलां? गोळी घेतली?" याला काय बोलणं म्हणायचं? चारापाणी झालं का, एवढं तर गोठ्यातल्या गाईचंही बघतात.

मग एके दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला. उमेश कॉफीचे दोन टंबलर घेऊन शेजारी येऊन बसला, मोबाइल मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, ल्हानपणीं तुम्हांस कशाचें भय वाटे?"

म्हातारा दचकलाच. मग जो बोलायला लागला, तो कॉफी गार झाली तरी थांबेना. पुढे रोज एक प्रश्न. कोणता वास आवडतो? कोणाची आठवण येते? काय करायचं राहून गेलं? उमेश मधेच मोबाइलवर काहीतरी टिपून घ्यायचा. पोरगं आपलं बोलणं जपून ठेवतंय, असं वाटून व्यंकोबांना भरून यायचं. ते दुपारीच दाढी करून त्याची वाट बघत बसायचे.

एकदा उमेशनं विचारलं, "तुम्हांस राग आला म्हणजे काय केलें तर शांत होतां?"

व्यंकोबा चक्क लाजले. नवराबायकोतली गोष्ट ती. त्यांचा राग म्हणजे ब्रेक फेल झालेली बस. अशा वेळी कामाक्षी जवळ येऊन हळूच म्हणायची, "उतरा आतां, स्टाप आला." की यांना हसू फुटायचं आणि राग खलास.

"कोणास सांगूं नको रे," ते म्हणाले.

"नाहीं अप्पा," उमेश म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी सुंदरपेरुमाळ कोयिलला देवदर्शनाला जायचं ठरलं. व्यंकोबांनी धोतरासारखी नवी वेष्टी नेसली. गाडी देवळावरून पुढे गेली आणि भातशेतांमधल्या एका नव्या इमारतीपुढे थांबली. फाटकावर तमिळमध्ये लिहिलं होतं, वृद्धाश्रम. उमेशनं डिकी उघडली. आत त्यांची ट्रंक होती.

व्यंकोबा भडकले. गाडीचं दार आतून घट्ट धरलं आणि उमेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात आपणही आलो हे विसरून. उमेश मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात एक तरुण नर्स आली. तिच्या हातात छापील फॉर्म होता, तमिळमध्ये भरलेला. लहानपणची भीती, आवडता वास, राहून गेलेली इच्छा, सगळं ओळीनं. शेवटच्या, तमिळ अक्षरांत लिहिलेल्या मराठी ओळीवर बोट ठेवून, अक्षरं जुळवत, तिनं अगदी मायेनं वाचलं, "उदरा आदा, स्टाप आला."

व्यंकोबांच्या ओठांवर सवयीनं हसू फुटलं, आणि त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता. घरात नको होते, तर तसं सांगायचं! ते भांडले असते, रडले असते, आणि आलेही असते. पण त्यासाठी गोड बोलून कामाक्षीचा शब्द काढून घ्यायचा आणि फॉर्मात भरायचा? आता तर त्यांना धड रागावताही येत नव्हतं.

ते उतरले.

"अप्पा, दर आयतवारीं येईन. बोलूं आपण," उमेश म्हणाला.

व्यंकोबांनी ट्रंक स्वतःच उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलाशी तमिळमध्ये बोलले. एकतीस वर्षं उतरणाऱ्या पाशिंजरांना म्हणत आले होते, तेच.

"पोयिट्टु वांग, सार."

जाऊन या, साहेब.